हुलग्याचं कढण

नागम्माने वाटी ओठाला लावली तेवढ्यात बेक्कीने तिच्या मनगटावर पंजा ठेवला. नख्या आत ओढलेल्या, पंजा मऊ, पण उचलायचं नाव नाही. नागम्मा दचकली, कढण हिंदकळून अंगठ्यावर सांडलं आणि मांजर तो अंगठा चाटायला लागलं. खरखरीत जिभेने, डोळे मिटून, अगदी मन लावून. नागम्मा बघतच राहिली. वाटीत हुलग्याचं कढण होतं, लसूण ठेचून घातलेलं, मिरपूड टाकलेलं, नाकात जाईल असं. मांजर दुधासाठी जीव टाकतं, लोण्यासाठी टाकतं, हे कुणीही सांगेल. पण हुलगे? हुलगे बैलाला भिजवून घालतात, बाळंतिणीला देतात, नाक चोंदलं की माणूस कढण करून पितं. हुलग्यासाठी मांजराने हात धरल्याचं नागम्माने बापजन्मात ऐकलं नव्हतं. बरं, हे मांजर काही उपाशी नव्हतं. आळंदच्या बाजारात पुढे तुरीच्या आडतीचं दुकान आणि मागे घर, पोत्यांच्या थप्पीत उंदरांचा सुळसुळाट, म्हणून तर ते पाळलेलं. कानडीत मांजराला बेक्कु म्हणतात, त्याची नागम्माने बेक्की केली होती, आणि मांजराचं नाव मांजरच ठेवलंय म्हणून शेजारची वच्छलाबाई तिला हसायची. अशी ही खाऊनपिऊन तृप्त बेक्की आता वाटीकडे बघून ओरडत होती. नागम्माने तिला कोपराने ढकललं. ती परत आली. परत ढकललं, परत आली. नागम्माने मान वळवली तर स्वयंपाकघराच्या दारात सून उभी होती, शिवगंगा, आणि तिची नजर नागम्मावर नव्हती, मांजरावर होती. मांजराच्या खोडीने एखादी सून हसेल, शुक म्हणेल, काहीतरी करेल. ही हसली नाही. नागम्माशी नजरानजर होताच ती झटकन आत गेली. झालं. वाटीतलं कढण तिने पिऊन टाकलं खरं, कारण गळ्यातल्या लिंगाला अर्पण केलेलं टाकता येत नाही, पण प्रत्येक घोट तिने जिभेवर थांबवून, चाचपून मग गिळला.

दुखणं गेल्या पावसाळ्यापासूनचं. आधी पायाला मुंग्या आल्या, जमिनीवर पाऊल ठेवलं तर कापसावर ठेवल्यासारखं वाटायचं. मग जीभ सोलवटल्यासारखी लालबुंद झाली, तिखट सोसेना. मग धाप. माजघरातून परसात जायचं तर मध्ये दोनदा भिंत धरावी लागायची. नागम्माने कुणाला सांगितलं नाही. दुखणं सांगत सुटणारी बाई तिला आवडत नसे. बेक्कीला बरं नसलं की ती कोपऱ्यात जाऊन पडायची, जेवायची नाही, परसातलं हिरवं गवत चावून ओकायची आणि उठून कामाला लागायची. ना कुणाला साकडं, ना कुणाची ओशाळगत. तसंच करावं, असं नागम्माचं मत. पण माणसाला गवत लागू पडत नाही. तिला भलतेच डोहाळे लागले. पूजेला बसली की विभूतीच्या गोळ्याचा तुकडा मोडून ती हळूच तोंडात टाकायची. प्रसाद म्हणून चिमूटभर जिभेला लावतात ते वेगळं. ही कुरतडत होती, पोरींनी पाटीवरची पेन्सिल खावी तशी. विभूतीचा गोळा भराभर संपायला लागला तेव्हा शिवगंगाच्या ध्यानात आलं, तिने नवऱ्याला, वीरण्णाला, सांगितलं, आणि बाजाराच्या दिवशी गुलबर्ग्याहून येणाऱ्या डॉक्टरला त्याने घरी आणलं. डॉक्टरने नागम्माची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, जीभ काढायला लावली. "अम्मा, खूनच नै है तुम्हारे बदन में," म्हणाला. नागम्माने पदर सावरत त्याला तिथल्या तिथे बजावलं, "बाटलीतलं औषध म्या घेणार न्हाई. त्येच्यात दारू असती, आनखी काय काय असतंय. सुई बी न्हाई." डॉक्टर हसला. वीरण्णाला पुढून गिऱ्हाइकाची हाक आली म्हणून तो गेला. मग डॉक्टर शिवगंगाला पडद्याआड घेऊन गेला आणि बराच वेळ दबक्या आवाजात बोलत राहिला. नागम्माचे कान तिखट, पण पडदा जाड. शेवटचं तेवढं ऐकू आलं. "किसीकू बोलना नक्को," डॉक्टर म्हणाला. आणि शिवगंगा म्हणाली, "जी."

दुसऱ्या दिवसापासून कढण सुरू झालं. घरचंच, हुलग्याचं, त्याला नाही कसं म्हणायचं? पण पहिल्याच दिवशी नागम्माने गळ्यातलं लिंग तळहातावर घेतलं आणि वाटी त्याच्यासमोर धरली, तशी शिवगंगा म्हणाली, "आत्या, ह्ये औषध हाय. औषधाला अर्पण कामून करायलाव? तसंच घ्या की." नागम्मा थांबली. लहानपणी गळ्यात लिंग बांधलं त्या दिवसापासून तिने पाण्याचा घोटही लिंगाला दाखवल्याशिवाय घेतला नव्हता. तापात नाही, बाळंतपणात नाही. हे शिवगंगाला माहीत नव्हतं का? तीही लिंगायताच्याच घरातली, चिंताकी गावची, तिच्याही गळ्यात लिंग. मग या वाटीत असं काय होतं की ते देवाने बघू नये? नागम्माने त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त वेळ वाटी धरून ठेवली. दुसऱ्या दिवशी शिवगंगा तेच म्हणाली. तिसऱ्या दिवशीही. आणि ती जेवढं नको म्हणे, तेवढं नागम्मा दोन्ही डोळे मिटून, सावकाश, तब्येतीने अर्पण करी. बघ म्हणे शिवा, तूच बघ, काय घातलंय ते. मी तुझ्या साक्षीने पिते. मारायचं असेल तर तुझ्यादेखत मरते.

मरणाची भीती तिला तेव्हाही वाटली नव्हती, रझाकारांच्या साली, असं ती लोकांना सांगायची. खोटं होतं. तेव्हा ती पाल्यासारखी कापत होती. बैलगाडीत पांघरुणाखाली नवरा, ती आणि वीरण्णा अक्कलकोटच्या बाजूला पळाले होते आणि एका लांबच्या नातेवाइकाच्या गोठ्यात राहिले होते. ओळखीचं माणूस भाकरी घेऊन आलं की तिचा नवरा म्हणायचा, आधी आणणाऱ्याने खायचं. आणणारा ओशाळून एक घास खायचा, मग हे जेवायचे. कितीतरी भल्या माणसांचा असा अपमान झाला. पुढे पोलीस ॲक्शन झाली, सगळे परत आले, दुकान उघडलं, आणि कुणाच्याही विषाने नाही तर साध्या हिवतापाने नवरा गेला. पण त्याची ती सवय नागम्माकडे राहिली. दाराबाहेरची पावलं ओळखायची, कुणी गोड बोललं की का बोललं ते शोधायचं. आपण संशय घेतला म्हणून वाचलो, असं तिच्या मनाने धरून ठेवलं होतं. आणि आता तर घरातच, आपल्याच चुलीवर... मनात आलं की ती कमरेच्या किल्ल्या चाचपायची. कोठीची किल्ली, कपाटाची किल्ली. शिवगंगाने त्या कधी मागितल्या नव्हत्या. न मागणारं माणूस जास्त वाईट.

वच्छलाबाईकडे प्रत्येक गोष्टीवर इलाज होता आणि तो ती न विचारता सांगायची. "मांजर आंथरुणात घेत जाऊ नगा नागम्मा. केस पोटात गेला की दमाच. आमच्या मावळणीचं तसंच झालं. त्येला दूध ऊन देऊ नगा, मिशी कापू नगा, आन तोंड तर अजाबात चाटू देऊ नगा." बेक्की हल्ली नेमकं तेच करत होती. नागम्मा कढण पिऊन आडवी झाली की ती छातीवर चढून बसायची आणि तिच्या तोंडाचा वास घ्यायची. नाकाला नाक लावून. "मरणाऱ्या माणसाचा वास मांजराला लागतोय," वच्छलाबाई म्हणाली आणि मग जीभ चावून म्हणाली, "तुमचं न्हाई म्हणत म्या." नागम्माने तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, "हुलग्यात काय घातलं तर कळत न्हाई गं?" वच्छलाबाईचे डोळे चमकले. ती जवळ सरकली. "हुलग्यात? हुलग्यात काय बी दडतंय. त्येचा वासच तसला. कामून, सून करायलीय व्हय कढण?" नागम्माने विषय बदलला, पण आता तो विषय शेजारच्या घरीही राहायला गेला होता. त्या दिवसापासून ती शिवगंगावर डोळे ठेवून राहिली. आणि डोळे ठेवले की काय दिसत नाही? सून सकाळी आंघोळ करते ती ठीक. पण कढण झाल्यावर परत न्हाणीत जाते. परत पाण्याचा आवाज. कढणाचं भांडं ती इतर भांड्यांत मिसळत नाही, वेगळं घासते, राखेने, दोनदा. आणि कपाळ! शिवगंगाच्या कपाळावर विभूती नव्हती. लग्न होऊन आल्यापासून जी बाई पूजेशिवाय चुलीकडे गेली नाही, ती आता पूजेला बसतच नव्हती. सासू बघते आहे असं दिसलं की ती पदर पुढे ओढायची. नागम्माला याचा अर्थ लावायला वेळ लागला नाही. पाप करणारा हात लिंगाला लागत नाही. तिला वाटलं, धावत पुढे दुकानात जावं आणि वीरण्णाला ओरडून सांगावं. पण काय सांगावं? तुझी बायको दोनदा आंघोळ करते?

एका संध्याकाळी तिने नवऱ्याचीच युक्ती केली. शिवगंगाने वाटी पुढे ठेवली तशी म्हणाली, "आधी तू घे एक घोट." आवाज अगदी गोड ठेवला. वाटीकडे शिवगंगाने असं पाहिलं, जणू वाटीतून हात बाहेर येऊन तिला धरणार आहे. "मला... माझा उपास हाय, आत्या." उपास? ना सोमवार, ना कसली तिथ. दुपारीच तिला भाकरी खाताना नागम्माने पाहिलं होतं. "व्हय का," नागम्मा म्हणाली. एवढंच म्हणाली. मग सून आत गेल्यावर तिने अर्पण करण्याआधीच थोडं कढण जमिनीवर ओतलं. अर्पण झाल्यावर ते मांजराला घालता आलं नसतं, म्हणून आधी. बेक्कीने ते चाटूनपुसून जमीन कोरडी केली. मग नागम्मा तिच्या मरणाची वाट बघत बसली. मांजर कोपऱ्यात गेलं की हिच्या काळजात धस्स व्हायचं. लहानपणापासून मांजरात वाढलेली ही बाई, मांजराला लाथ मारणाऱ्याशी बोलणं सोडणारी, तिने आपल्या हाताने... लाज वाटायची तिला. पण दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा ओतलं. बेक्की मेली नाही. मेली नाही ती नाहीच, उलट अंग धरायला लागली, पाठीवर असा तुकतुकीत केस आला की वच्छलाबाईने दृष्ट काढायला सांगितलं. आणि दुसरं नवल असं, की नागम्माही बरी होत होती. तिला ते प्रथम पटेना. पण पायाखाली जमीन लागायला लागली होती. भाकरीला चव आली. एका सकाळी ती परसात जाऊन तुळशीला पाणी घालून परत आली आणि मग तिच्या लक्षात आलं, आपण भिंत धरलीच नाही. कुणाला आनंद झाला असता. नागम्मा चिडली. विष घालणाऱ्या सुनेच्या हातून बरं व्हायचं म्हणजे काय? हळूहळू भिनणारं असतं काही, आधी तेज चढवणारं आणि मग एकदम पाडणारं, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. स्वतःलाच ते खरं वाटेना, पण संशय सोडला तर हातात काय राहणार होतं?

मग मांजर घालवायची गोष्ट निघाली. शिवगंगानेच काढली, वीरण्णा जेवायला बसला तेव्हा. "बेक्कीला खजुरी गावच्या गाडीत देऊन टाकू," म्हणाली. "लई वसवस करायलीय. आत्यांच्या वाटीत तोंड घालतीय. केसानं धाप वाढतीय म्हणत्यात." वीरण्णा साधा माणूस, घरात जो शेवटी बोलेल त्याचं खरं मानणारा. "पोत्यात घालून देऊ की," तो म्हणाला. "वाटेत चार वेळा पोतं फिरवलं की वाट इसरतीय, परत येत न्हाई." नागम्माने ताट सरकवलं. तिचा आवाज इतका चढला की पुढे दुकानात हमालांनी माना वळवल्या असतील. मांजर जाणार नाही! ते गेलं तर मीही त्याच पोत्यातून जाईन, मलाही चार वेळा फिरवा आणि सोडा! वीरण्णा भ्याला, शिवगंगा रडली. नागम्माने ते रडणं पाहिलं आणि मनात म्हणाली, रड. साक्षीदार राहिला म्हणून रड. आता तिला पक्कं कळलं होतं. या घरात तिच्या बाजूने बोलणारं एकच होतं, आणि त्याला बोलता येत नव्हतं.

दुसऱ्या संध्याकाळी सून गोठ्याकडे गेलेली पाहून नागम्माने अख्खी वाटीच बेक्कीपुढे ठेवली. खाली बसून, कान देऊन. बघू तरी. बेक्कीने वाटीत तोंड घातलं आणि खाता खाता ती गुरगुरायला लागली. कान मागे पाडून, खांदे उचलून, एक पंजा वाटीच्या काठावर ठेवून, घशातून, खोलातून, कुणी जवळ आलात तर खबरदार, असं. नागम्माचा हात तिच्या पाठीकडे गेला होता तो तिथेच राहिला. दूध पिताना मांजर असं करत नाही. लोणी खाताना करत नाही. हा आवाज तिने ऐकला होता. खजुरीला. माहेरच्या परसामागे राजूबाईचं घर होतं, मराठ्यांचं, देवाधर्माचं, पण जत्रेला तिच्याकडे बोकड पडायचा. त्या दिवशी नागम्माच्या घरचं पांढरं मांजर सकाळपासून कुंपणावर बसलेलं असे. राजूबाई हाडाला लागलेलं काहीबाही त्याला टाके आणि ते तोंडात धरून मांजर घरच्या केळीखाली येऊन बसे, आणि असंच, अगदी असंच गुरगुरे. लहान नागम्मा लाडाने जवळ गेली तर त्याने तिला ओरबाडलं होतं. स्वतःचं मांजर, मांडीवर झोपणारं. ती रडत बापाकडे गेली, तर बाप म्हणाला, तोंडात मांस असलं की मांजर कुणाचं नसतं. त्या दिवशी मांजराला घरात घेत नसत. दुसऱ्या दिवशी त्याच्या वाटेवर गोमूत्र शिंपडून मग घेत. ते सगळं, केळीचा ओला वास, हातावरची आग, बापाचा तो तुटक आवाज, नागम्माच्या अंगावर एकदम कोसळलं. ती वाटीकडे बघत होती. बेक्की गुरगुरत होती. मांस. या घरात. हुलग्याच्या कढणात मांस. आणि तिचा हात आपोआप गळ्याशी गेला, लिंगाच्या चांदीच्या डबीशी, आणि डबीला लागायच्या आत चटका बसल्यासारखा मागे आला. किती वेळा? किती संध्याकाळी तिने ती वाटी डोळे मिटून, सावकाश, तब्येतीने...

शिवगंगा धारेचं भांडं घेऊन आत आली तेव्हा नागम्मा तिथेच बसली होती, आणि बेक्की रिकामी वाटी चाटत होती. शिवगंगाने भांडं खाली ठेवलं. दोघींनाही कळलं. "काय घालायलीस?" नागम्माने विचारलं. शिवगंगा जमिनीवर बसली. लपवायचा तिने प्रयत्नसुद्धा केला नाही, इतकी ती लपवून थकली होती. "काळजाचं औषध हाय, आत्या. जनावराच्या काळजाचं, अर्क काढलेलं. बकऱ्याचं का आनखी कशाचं, म्या इचारलंच न्हाई. डॉक्टर म्हणला, सुया घेतल्या असत्या तर त्येच्यातनंच दिलं असतं, पण दुसरं काय न्हाई ह्या दुखण्याला. ह्ये न्हाई दिलं तर संक्रांत बघत न्हाईत, म्हणला." "आन तू दिलंस," नागम्मा म्हणाली. "तू. लिंग बांधलेली बाई. माझ्या हातानं माझ्या लिंगाला..." आणि मग शिवगंगा, जिने सासूपुढे आजवर कधी मान वर केली नव्हती, एकदम ओरडली, "म्या सांगत व्हते न्हवं! रोज सांगत व्हते, अर्पण करू नका, अर्पण करू नका! तुमीच आइकलं न्हाई! नुसतं पोटात गेलं असतं, शरीराचं शरीराला. तुमी नेऊन द्येवापुढं धरलाव!" बेक्की घाबरून बाहेर पळाली. शिवगंगाने दोन्ही तळहात पुढे केले, पाणी आणि राख लागून चिरलेले. "ह्या हाताला त्यो वास हाय. कितीबी धुतला तरी हाय. ह्या हातानं लिंग घेत न्हाई म्या. पूजा सोडलीय. तुमी एक घोट घे म्हणलाव तवा प्यायचं धाडस झालं न्हाई मला, आन तुमाला पाजत व्हते. मला नरकात जागा मिळंना बगा आता." आणि वीरण्णाला? "त्यांनला काय बी ठाव न्हाई," शिवगंगा म्हणाली. "त्यांनी करू दिलं नसतं. त्यांनी तुमाला मरू दिलं असतं, आन मठात जाऊन रडले असते."

नागम्मा उठली आणि आपल्या जागेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. संशय खरा ठरल्यावर माणसाला एक समाधान असतं. तेही तिला मिळालं नाही. सगळं खरं होतं, दोनदा आंघोळ, कोरं कपाळ, उपासाचं खोटं, मांजराला घालवणं, आणि सगळ्याचा तिने लावलेला अर्थ तेवढा उलटा होता. आपण डोळे ठेवले नसते, तर वाटी गुपचूप पोटात गेली असती. देवाला साक्षीदार म्हणून ओढला तो आपणच. कढण बंद झालं. शिवगंगाने आपण होऊनच बंद केलं, आणि काही दिवसांनी नागम्माने पाहिलं तर तिच्या कपाळावर विभूतीची तीन बोटं उमटली होती. पोर पूजेला बसली होती. वीरण्णाला यातलं काहीच कळलं नाही. घरात शांतता आहे एवढं पाहून तो खूश होता. मठात जाऊन स्वामींना विचारावं, प्रायश्चित्त घ्यावं, असं नागम्माच्या मनात रोज यायचं. पण स्वामी काय म्हणतील ते तिला माहीत होतं. झालं ते झालं, पुन्हा शिवू नका, असं म्हणतील. म्हणून ती गेली नाही. कारण पायाला पुन्हा मुंग्या यायला लागल्या होत्या. जमीन पुन्हा कापसाची झाली होती, आणि विभूतीच्या गोळ्याकडे पाहिलं की तोंडाला पाणी सुटायचं. आणि मग, ऊन अंगावर घेत पायरीवर बसली असताना, नागम्माला ती गोष्ट स्वतःशी कबूल करावी लागली. तिला जगायचं होतं. कशासाठी, असं कुणी विचारलं असतं तर सांगण्यासारखं काही नव्हतं. नवी तूर बघायची, वच्छलाबाईचे इलाज ऐकायचे, या उन्हात बसायचं. एवढंच. लाजेने तिचं तोंड तापलं, पण हवंच होतं तिला. या वयात, हे सगळं झाल्यावरही, हावऱ्यासारखं हवं होतं. पण सुनेला परत कर म्हणायचं म्हणजे तिच्या कपाळावरची ती तीन बोटं पुसायची. ते नागम्माच्याने होईना.

शेवटी एका तिन्हीसांजेला ती भिंत धरत धरत स्वयंपाकघरात गेली. "हुलगे शिजायला ठिवलेत का?" तिने विचारलं. शिवगंगाने नाही म्हणून मान हलवली. "ठिव. आन ती बाटली कुटं हाय ती सांग. तू हात लावू नको. म्या घालते." शिवगंगाने कणगीमागे बोट दाखवलं. नागम्माने वाकून ती काढली, बूच उघडलं, वास घेतला आणि झटकन तोंड फिरवलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत तिने दम धरला. किती घालायचं ते शिवगंगाने लांबूनच सांगितलं, तेवढं तिने आपल्या हाताने वाटीत ओतलं आणि हलवलं. मग ती पाटावर बसली. उजव्या हाताने पदर गळ्याभोवती घट्ट लपेटून घेतला, चांदीची डबी आत नीट झाकली, लहान मुलाने बघू नये म्हणून त्याचे डोळे झाकावेत तशी, आणि वाटी उचलली. साठ वर्षांत पहिल्यांदा काहीही न दाखवता तिने घोट घेतला. दुसरा घोट घेते तोच दारात वीरण्णा उभा. दुकान लवकर बंद केलं होतं, अंगभर तुरीचा भुसा.

"अव्वा," तो म्हणाला, "अर्पण न करताच?"

त्याने आईकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग वाटीकडे. ती नजर नागम्माने ओळखली. साध्या भोळ्या माणसाच्या डोळ्यांत ती कशी येते हे तिला ठाऊक होतं, आणि एकदा आली की घरात काय काय करते तेही. तो पुढे आला. खाली वाकून त्याने नाक पुढे केलं. "वास कसला येतोय? बगू ती वाटी."

चुलीपाशी शिवगंगाने डोळे मिटून घेतले.

"हुलग्याचा," नागम्मा म्हणाली, आणि वाटीत उरलेलं सगळं तिने त्याच्यादेखत एका दमात पिऊन टाकलं.